डॅश डी कधी द्यायचं? सीमेक, व्हिस्पर आणि डोंबिवलीतला जुना लॅपटॉप

(भागाचा लिखित मजकूर. कमांड बोलताना जशा सांगितल्या तशाच लिहिल्या आहेत. ‘डॅश’ म्हणजे छोटी आडवी रेघ, ‘डॅश डॅश’ म्हणजे तीच दोनदा, मध्ये जागा न सोडता.)

आजचा भाग जरा कोरडा वाटेल, पण ज्यांनी कधी गिटहबवरून एखादं सॉफ्टवेअर उतरवून आपल्या मशीनवर बिल्ड करायचा प्रयत्न केलाय, त्यांना हा त्रास चांगला ओळखीचा आहे. रीडमीमध्ये दोन ओळी असतात. आपण त्या कॉपी करतो, पेस्ट करतो, एंटर मारतो. मग एकतर लांबलचक एरर येते, नाहीतर लॅपटॉप असा अडकतो की माउससुद्धा हलत नाही. मग आपण यूट्यूब उघडतो. तिथला दादा तिसरीच कमांड देतो, त्यात चार ‘डॅश डी’ जास्तीचे असतात. ते काय आहेत हे तो सांगत नाही आणि आपण विचारत नाही.

त्या दोन ओळींतला पहिला शब्द बऱ्याचदा ‘सीमेक’ असतो. आज त्याच्या कमांड-लाइन ऑप्शन्सबद्दल बोलू. सगळे ऑप्शन सांगणार नाही, ते मॅन्युअलमध्ये आहेत. माझं म्हणणं एवढंच आहे की ऑप्शन कोणता यापेक्षा तो कोणत्या वेळी द्यायचा हे कळलं, की निम्मी भीती जाते. वेळा तीन आहेत: कॉन्फिगर करताना, बिल्ड करताना आणि तयार झालेला प्रोग्रॅम चालवताना. एका वेळचा ऑप्शन दुसऱ्या वेळी दिला तर कधी एरर येते, कधी काहीच होत नाही. आणि काहीच न होणं हे एररपेक्षा वाईट.

थोडी पार्श्वभूमी. सीमेकचं काम १९९९च्या सुमारास अमेरिकेत किटवेअर नावाच्या कंपनीत सुरू झालं. तिथल्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनच्या पैशातून आयटीके नावाची एक मेडिकल इमेजिंगची लायब्ररी बनत होती. ती युनिक्सवरही चालायला हवी होती आणि विंडोजवरही. प्रत्येक सिस्टिमची बिल्डची फाइल हाताने वेगळी लिहायची म्हणजे डोक्याला ताप. म्हणून सीमेक. इथे एक गैरसमज काढून टाकू: सीमेक स्वतः कंपाइल करत नाही. तो प्रोजेक्टची सीमेक-लिस्ट्स फाइल वाचतो, तुमच्या मशीनवर काय काय आहे ते बघतो आणि मग लिनक्सवर मेकफाइल, विंडोजवर व्हिज्युअल स्टुडिओचं सोल्यूशन, मॅकवर हवं तर एक्सकोडचा प्रोजेक्ट, असं त्या त्या जागेचं सामान तयार करून देतो. कंपाइल करणारा वेगळाच. म्हणून तर दोन ओळी, दोन वेळा.

आता हे सगळं कशासाठी? माझी एक मैत्रीण डोंबिवलीजवळच्या गावात राहते, आगरी घरातली. तिची आजी धवलारीण. आगरी लग्नात धवले म्हणणारी, विधी सांगणारी बाई म्हणजे धवलारीण. हे मी आमच्या पुण्या-नाशिकच्या श्रोत्यांसाठी सांगतेय, ठाणे-रायगडवाल्यांना माहीत आहेच. मैत्रिणीने आजीला बोलतं केलं आणि फोनवर रेकॉर्ड केलं. गाणी कुणाकडून शिकली, कुठल्या गावात काय वेगळं म्हणतात, हळदीच्या रात्री काय व्हायचं. खूप तास जमले. ते लिहून काढायचं होतं.

ऑनलाइन साइटवर टाकलं असतं तर काम झालं असतं, पण आजी नाही म्हणाल्या. त्यात घरातल्या गोष्टी आहेत, माणसांची नावं आहेत. “माझा आवाज कुठं कुठं जाईल, तुला तरी ठाऊक हाय का?” याला मैत्रिणीकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नव्हतं. मग एकच रस्ता: सगळं घरच्याच मशीनवर, नेट बंद करूनही चालेल असं. मशीन म्हणजे सेकंडहँड लॅपटॉप, ४ जीबी रॅम, त्यावर लिनक्स.

ओपनएआयने सप्टेंबर २०२२मध्ये व्हिस्पर हे बोललेलं लिहून काढणारं मॉडेल खुलं केलं. मराठी त्याच्या यादीत आहे. ते मूळचं पायथनवर चालतं आणि सोबत बरंच ओझं आणतं. मग बल्गेरियाच्या गेऑर्गी गेरगानोव याने तेच मॉडेल साध्या सी आणि सी प्लस प्लसमध्ये चालवणारा व्हिस्पर डॉट सीपीपी लिहिला. जुना लॅपटॉप, रास्पबेरी पाय, फोन, सगळीकडे चालतो. आणि तो बिल्ड होतो सीमेकने.

रीडमीतल्या दोन ओळी अशा आहेत. पहिली: सीमेक, डॅश बी, बिल्ड. दुसरी: सीमेक, डॅश डॅश बिल्ड, बिल्ड, डॅश जे, डॅश डॅश कॉन्फिग, रिलीज.

पहिली ओळ म्हणजे कॉन्फिगरची वेळ. डॅश बी म्हणजे तयार होणारं सगळं सामान कुठल्या फोल्डरमध्ये टाकायचं. इथे फोल्डरचं नावच ‘बिल्ड’ आहे. सोर्स कुठे आहे ते डॅश एसने सांगतात, नाही सांगितलं तर ज्या फोल्डरमध्ये उभे आहात तोच. डॅश एस आणि डॅश बी ही जोडी सीमेक ३.१३पासून, म्हणजे २०१८पासून अधिकृत आहे. त्याआधीच्या ट्युटोरियलमध्ये ‘आधी बिल्ड फोल्डर बनवा, त्यात जा, मग सीमेक डॉट डॉट’ असं दिसतं. तेही चालतं, घाबरू नका. फायदा असा की सोर्स स्वच्छ राहतो आणि बिघडलं तर बिल्ड फोल्डर बिनधास्त उडवता येतं.

डॅश डी याच वेळी द्यायचा. डॅश डी, मग ऑप्शनचं नाव, बरोबरचं चिन्ह, किंमत. बरोबरच्या चिन्हाच्या आजूबाजूला स्पेस नको. किंमत ऑन-ऑफ द्या, एक-शून्य द्या, येस-नो द्या, चालतं. नावातली अक्षरं मात्र मोठी-लहान जशीच्या तशी हवीत.

आणि इथेच ते ‘काहीच होत नाही’ प्रकरण येतं. नाव चुकीचं टाइप झालं तर सीमेक थांबत नाही. शेवटी एक वॉर्निंग देतो की तुम्ही हाताने दिलेले अमुक व्हेरिएबल प्रोजेक्टने वापरलेच नाहीत. ती वॉर्निंग बाकीच्या ओळींच्या खाली गपचूप बसलेली असते, कुणी वाचत नाही. नंतर तक्रार येते की ‘मी ऑफ केलं तरी ऑनच आहे’. तर मंडळी, कॉन्फिगर झालं की शेवटच्या दहा ओळी वाचत जा. फार नाही, दहा.

मग कुठले ऑप्शन आहेत हे कळणार कसं? यूट्यूबच्या दादाला विचारू नका, प्रोजेक्टलाच विचारा. एकदा कॉन्फिगर झाल्यावर: सीमेक, डॅश एन, डॅश एलएच, बिल्ड. इथे एन, एल, एच तिन्ही कॅपिटल. हा ऑप्शनची यादी आणि प्रत्येकासमोर एका ओळीची माहिती देतो, आणि डॅश एन असल्यामुळे नव्याने काही करत नाही, नुसतं दाखवतो. मला विचाराल तर अख्ख्या सीमेकमधली सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात कमी वापरली जाणारी कमांड हीच आहे.

मैत्रिणीच्या लॅपटॉपवर ती यादी आम्ही दोघींनी बसून वाचली. टेस्ट बिल्ड करायच्या का? नको, ऑफ. डॅश डी, व्हिस्पर-अंडरस्कोर-बिल्ड-अंडरस्कोर-टेस्ट्स, ऑफ. एसडीएल-टू? तो थेट माइकवरून ऐकून लिहिणाऱ्या प्रोग्रॅमसाठी लागतो. आपल्याकडे रेकॉर्डिंग तयार आहेत, म्हणजे नको, आणि तो आधीच ऑफ होता. कुडा? तो एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डासाठी. या लॅपटॉपमध्ये ते कार्डच नाही. व्हिडिओमधले दादा हमखास कुडा ऑन करून दाखवतात, कारण त्यांच्याकडे गेमिंग लॅपटॉप असतो. तुमच्याकडे कार्ड आणि कुडाचं टूलकिट नसताना तीच ओळ टाकली, तर कॉन्फिगरलाच ‘सापडलं नाही’ म्हणून अडेल. त्यात तुमची काही चूक नाही, ती ओळ तुमच्या मशीनची नव्हती एवढंच.

आता कॅश. तुम्ही डॅश डीने दिलेलं सगळं सीमेक बिल्ड फोल्डरमधल्या सीमेक-कॅश नावाच्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहून ठेवतो. आपल्या टेलरकडे मापाची वही असते ना, तसं. पुढच्या वेळी नुसतं कापड देऊन आलात तर तो जुन्याच मापाने शिवतो. मध्ये तुमचं पोट सुटलं असेल, ते त्याला कुठून कळणार? तसंच, कालच्या कमांडमध्ये एक ऑप्शन ऑन होता आणि आज तो शब्द तुम्ही नुसता गाळला, तर तो ऑफ होत नाही. वहीत ऑनच आहे. ऑफ हवा असेल तर डॅश डीने ऑफ असं स्पष्ट सांगायचं. किंवा वहीच नवी करायची: सीमेक ३.२४पासून ‘डॅश डॅश फ्रेश’ आहे, तो जुनी कॅश काढून पहिल्यापासून कॉन्फिगर करतो. त्याहून जुना सीमेक असेल तर बिल्ड फोल्डर डिलीट करा, तोच परिणाम.

दोन गोष्टी मात्र त्याच वहीत खोडून बदलता येत नाहीत. एक म्हणजे डॅश जी, जनरेटर. मेकफाइल हवी, निंजा हवा की व्हिज्युअल स्टुडिओ, हे पहिल्यांदाच ठरतं. ते कसारा आणि कर्जत लोकलसारखं आहे. कल्याण सोडल्यावर मत बदललं तर उतरून परत मागे यावं लागतं. दुसरी म्हणजे टूलचेन फाइल, जिच्याने लिनक्स लॅपटॉपवर बसून अँड्रॉइडसाठी बिल्ड करतात. तीही पहिल्याच कॉन्फिगरला द्यायची, नंतर दिलेली धरली जात नाही.

दुसरी ओळ, बिल्डची वेळ. इथे डॅश डी नाही. इथे डॅश जे आहे, म्हणजे एका वेळी किती फाइल कंपाइल करायच्या. आणि लॅपटॉप अडकण्याचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं. रीडमीमध्ये डॅश जेच्या पुढे आकडा नाही. मेकफाइल असेल आणि आकडा नसेल, तर मेक त्याचा अर्थ ‘मर्यादाच नाही’ असा घेतो. जेवढ्या फाइल तयार असतील तेवढे कंपायलर एकदम सुरू. १६ जीबीवाल्या डेव्हलपरला हे जाणवतही नाही. ४ जीबीवर रॅम भरते, डिस्कवर स्वॅप सुरू होतो आणि मग तुम्ही पॉवर बटण दाबून धरता. डॅश जे, दोन. बास. चहा होईपर्यंत वेळ लागेल, पण होईल. निंजा वापरत असाल तर तो कोअर बघून आकडा स्वतः ठरवतो, तरी कमी रॅमवर मी दोनच देते.

याच ओळीत ‘डॅश डॅश टार्गेट, व्हिस्पर-सीएलआय’ असं जोडलं की फक्त तेवढाच प्रोग्रॅम आणि त्याला लागणारं बिल्ड होतं. बाकीची उदाहरणं वगळली जातात. जुन्या मशीनवर हा फरक चांगलाच जाणवतो.

आणि ते ‘डॅश डॅश कॉन्फिग, रिलीज’? यावर माझ्या ऑफिसातसुद्धा वाद होतात. व्हिज्युअल स्टुडिओ आणि एक्सकोड हे एकाच फोल्डरमध्ये डीबग आणि रिलीज दोन्ही ठेवू शकतात, म्हणून तिथे कुठलं हवं ते बिल्डच्या वेळी सांगायचं. मेकफाइल आणि साधा निंजा एका फोल्डरला एकच प्रकार ठेवतात, म्हणून तिथे कॉन्फिगरलाच डॅश डी, सीमेक-अंडरस्कोर-बिल्ड-अंडरस्कोर-टाइप, रिलीज असं द्यायचं. लिनक्सवर मेकफाइल असताना ‘डॅश डॅश कॉन्फिग’ दिला तर तो मुकाट दुर्लक्षित होतो. व्हिस्पर डॉट सीपीपी काही न सांगितल्यास लिनक्सवर स्वतःच रिलीज धरतो, म्हणून ते खपून जातं. सगळे प्रोजेक्ट इतके समजूतदार नसतात. रिलीज नसेल तर ऑप्टिमायझेशन नसतं, प्रोग्रॅम रखडत चालतो आणि लोक लॅपटॉपला शिव्या देतात.

इथे एक किस्सा. मैत्रिणीचा लॅपटॉप हळू, म्हणून तिच्या चुलतभावाने आपल्या नव्याकोऱ्या लॅपटॉपवर बिल्ड केलं आणि पेनड्राइव्हवर प्रोग्रॅम आणून दिला. इकडे चालवला तर एकच ओळ: ‘इलीगल इन्स्ट्रक्शन’. बिचाऱ्याला वाटलं व्हायरस. त्याचं कारण जीजीएमएल-अंडरस्कोर-नेटिव्ह नावाचा ऑप्शन, जो एरवी ऑन असतो. तो कंपायलरला सांगतो की समोरच्या प्रोसेसरला जे जे येतं ते सगळं वापर. नव्या प्रोसेसरला येणाऱ्या सूचना जुन्याला येत नाहीत. नेटिव्ह ऑफ करता येतं, पण तेवढ्याने भागेलच असं नाही. फार जुना प्रोसेसर असेल तर एव्हीएक्स-टूसारखे ऑप्शनही एकेक करून ऑफ करावे लागतात. सोपा उपाय म्हणजे जिथे चालवायचंय तिथेच बिल्ड करा. आम्ही तेच केलं, डॅश जे दोन देऊन.

तिसरी वेळ, चालवण्याची. आता सीमेकचं काम संपलं. इथले ऑप्शन व्हिस्परचे स्वतःचे. डॅश एम म्हणजे मॉडेलची फाइल, डॅश एफ म्हणजे आवाजाची फाइल आणि डॅश एल म्हणजे भाषा. मराठीसाठी डॅश एल, एमआर. हे विसरलात तर प्रोग्रॅम भाषा इंग्रजी धरतो, कारण डीफॉल्ट तेच आहे, आणि मराठी बोलण्याचं भलतंच काहीतरी लिहून देतो. कितीही डॅश डी देऊन हे सुधारणार नाही, कारण ही ती वेळच नाही. मॉडेल उतरवताना नावात ‘डॉट ईएन’ असलेलं घेऊ नका, ते फक्त इंग्रजीचं.

मॉडेलचे आकार सांगते. टायनी साधारण ७५ एमबी, बेस १४२, स्मॉल ४६६, मीडियम दीड जीबी, लार्ज तीन जीबीच्या आसपास. चालताना स्मॉलला साधारण ८५० एमबी रॅम लागते, मीडियमला दोन जीबीच्या वर. मराठीसाठी टायनी-बेसच्या वाटेला जाऊ नका, हे माझं मत. ४ जीबीच्या लॅपटॉपवर स्मॉल बरा चालतो. मीडियम रात्रभर लावून ठेवायचा. फोनचं रेकॉर्डिंग एमफोरए असेल तर आधी एफएफएमपेगने १६ किलोहर्ट्झच्या मोनो वेव्ह फाइलमध्ये बदलून घ्या.

निकाल कसा आला? खरं सांगते, अर्धवट. प्रमाण मराठीजवळचं बोलणं त्याने बरंच पकडलं. पण आजी ‘पानी’ म्हणतात तिथे तो ‘पाणी’ लिहितो, ‘ल’ म्हणतात तिथे परस्पर ‘ळ’ करून टाकतो. धवल्यांचे शब्द तर पार गेले. मैत्रीण आता ते ड्राफ्ट समोर ठेवून रेकॉर्डिंग ऐकते आणि एकेक ‘णी’ परत ‘नी’ करते. मॉडेलने ज्याला सुधारणा समजलं, तीच तिच्या दृष्टीने खराबी. त्यासाठी सीमेकमध्ये कुठला डॅश डी नाही. पण आवाज घराबाहेर गेला नाही, आणि ती अट आजींची होती.

ज्यांच्याकडे लॅपटॉप नाही त्यांच्यासाठी: अँड्रॉइडवर टर्मक्स घ्या, एफ-ड्रॉइडवरून. त्यात ‘पीकेजी इन्स्टॉल गिट सीमेक क्लँग’ करा आणि मग त्याच दोन ओळी, डॅश जे दोनसह. फोनवर फोनसाठीच बिल्ड करताय, त्यामुळे टूलचेन वगैरेची भानगड नाही. फोन गरम होईल, कव्हर काढून ठेवा. कॉलेजच्या लॅबमध्ये करत असाल आणि अ‍ॅडमिनचा पासवर्ड नसेल, तर इन्स्टॉल करायचं सोडून द्या. प्रोग्रॅम बिल्ड फोल्डरमधल्या ‘बिन’मधूनच चालतो. अगदी इन्स्टॉलच हवं असेल तर ‘सीमेक, डॅश डॅश इन्स्टॉल, बिल्ड, डॅश डॅश प्रीफिक्स’ आणि पुढे आपल्या होम फोल्डरचा पत्ता.

विंडोजवाले, तुमच्याकडे प्रोग्रॅम ‘बिन’च्या आत ‘रिलीज’ फोल्डरमध्ये सापडेल. आणि लिनक्सच्या ट्युटोरियलमध्ये ओळीच्या शेवटी तिरपी रेघ असेल तर ती कमांड पुढच्या ओळीवर चालू आहे एवढंच सांगणारी आहे. तुमच्याकडे ती चालत नाही, सगळं एका ओळीत लिहा. जुन्या व्हिडिओत नुसतं ‘मेक’ आणि ‘मेन’ नावाचा प्रोग्रॅम दिसेल. ते आधीचं. आता सीमेक आणि व्हिस्पर-सीएलआय.

टर्मिनलच नवीन असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे लिनक्सचे धडे मराठीत आहेत, फुकट आहेत. आधी ते दोन-चार बघा आणि मग या भागाकडे परत या.

शेवटचं. तुमच्यासाठी चाललेली पूर्ण कमांड, सगळ्या डॅश डींसह, प्रोजेक्टच्या बाजूला एका टेक्स्ट फाइलमध्ये लिहून ठेवा. जरा पुढचं हवं असेल तर सीमेक-प्रीसेट्स नावाची फाइल असते, सीमेक ३.१९पासून. त्यात ऑप्शन लिहिले की पुढच्या वेळी फक्त ‘डॅश डॅश प्रीसेट’ आणि नाव. मैत्रिणीने साधी टेक्स्ट फाइलच ठेवली आहे, तिच्या वहिनीलाही तिच्यावरून जमलं. तुमची कमांड कुठे अडली असेल तर मशीनची रॅम, सीमेकचं व्हर्जन आणि त्या शेवटच्या दहा ओळी, एवढं पाठवा. नुसता ‘एरर आली’ असा मेसेज नको. भेटू पुढच्या शनिवारी.